पुंगळी, शिसे आणि काळी दारू : अमेरिकी बायसनच्या संहारात हाताने भरलेल्या काडतुसाचे स्थान (१८७१-१८८९)

प्रस्तावना

पदवी व पदव्युत्तर वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकविताना पश्चिमेकडील विस्ताराचे प्रकरण येते. रेल्वेमार्ग, वसाहतदारांची जमीन, मूळ रहिवाशांशी झालेली युद्धे अशा क्रमाने ते पुढे सरकते आणि त्यात कोठेतरी बायसनचे कळप नष्ट झाल्याचा एका वाक्यात उल्लेख येतो. बोलीभाषेत अमेरिकन लोक या प्राण्यास 'बफेलो' म्हणत असले तरी ती म्हैस नव्हे. आपल्याकडील राधानगरीच्या जंगलात आढळणाऱ्या गव्याचा तो दूरचा आप्त होय. लक्षावधींच्या संख्येने असलेला हा प्राणी अवघ्या बारा-तेरा वर्षांत जवळजवळ नामशेष कसा झाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. 'रेल्वे आली आणि बंदुका आल्या' हे नेहमीचे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे.

बंदूक गोळीवाचून निरुपयोगी असते. रेल्वेस्थानकापासून अनेक दिवसांच्या वाटेवर, झाड नसलेल्या माळरानावर, महिनोन् महिने दररोज गोळीबार करणाऱ्या माणसाला काडतुसे मिळत कोठून? या साध्या प्रश्नाचा मागोवा घेतला असता शिकाऱ्याच्या तळावरील एक घरगुती वाटावे असे तंत्र समोर येते. शिसे वितळवून स्वतः गोळ्या ओतणे आणि झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी काळ्या दारूने पुन्हा भरणे, हे ते तंत्र होय. प्रस्तुत निबंधात या तंत्राचे स्वरूप, त्याचे आर्थिक महत्त्व आणि 'काडतूस भरण्याचा अधिकार कोणाला' या प्रश्नाचा राज्यसत्तेशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

त्यासाठी मुख्यतः समकालीन लेखनाचा आधार घेतला आहे. कर्नल रिचर्ड आयर्व्हिंग डॉज यांचे १८७७ व १८८२ मधील ग्रंथ आणि विल्यम टी. हॉर्नाडे यांचा बायसनच्या विनाशावरील १८८९ चा अहवाल ही त्यांपैकी प्रमुख साधने होत. डॉज हे सेनाधिकारी, तर हॉर्नाडे हे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात प्राणिनमुने तयार करणारे तज्ज्ञ होते. दोघांचे पूर्वग्रह वेगळे असल्याने त्यांच्या माहितीची परस्परांशी तुलना करणे उपयुक्त ठरते.

काळी दारू व ओतीव गोळी : तंत्राचे स्वरूप

'काळी दारू' म्हणजे बंदुकीची जुनी दारू. सोरा, कोळसा व गंधक यांचे ते मिश्रण असून त्यांचे प्रचलित प्रमाण शेकडा ७५, १५ व १० असे होते. फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध करीपर्यंत जगभरातील सैनिक व शिकारी मुख्यतः याच दारूवर अवलंबून होते. तिचा मोठा दोष म्हणजे ती पूर्णपणे वायुरूप होत नाही. अँड्र्यू नोबल व फ्रेडरिक एबल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार जळलेल्या दारूच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग घनरूप अवशेष म्हणून शिल्लक राहतो. हाच अवशेष नळीत कीट बनून साचतो, हवेतील ओल शोषतो आणि धातूला गंज चढवितो.

शिकाऱ्याच्या कारागिरीतील बहुतेक पायऱ्या या कीटाशी झुंजण्यासाठीच निर्माण झाल्या. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे तळावरील शेकोटी व लोखंडी पळी एवढ्या साहित्यावर ते ओतता येते. मात्र शुद्ध शिसे फार मऊ असल्याने त्यात थोडे कथील मिसळीत. त्यामुळे रस साच्याच्या कोपऱ्यांत नीट उतरे आणि गोळीही कठीण होई. साचा दोन पाळ्यांचा असे. तो पुरेसा तापला नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडत. अशा गोळ्या बाजूला काढून पुन्हा वितळवीत. चांगल्या गोळीच्या खाचांत मेण व चरबी यांचे वंगण भरीत अथवा तिच्याभोवती पातळ कागद गुंडाळीत. वंगणामुळे नळीतील कीट मऊ राही आणि पुढचा बार नेमका लागे. दारूवर गोळी घट्ट बसवून मध्ये पोकळी राहू न देणे, हा या भरणीचा मूलभूत नियम होता. झाडलेल्या पुंगळ्या लवकरात लवकर पाण्याने धुणे हा दुसरा नियम होय, कारण कीट तसेच राहिल्यास पितळ खराब होई.

आजही अमेरिकेतील छांदिष्ट नेमबाज याच पायऱ्या नव्याने शिकतात. साचा तापविणे, कथील मिसळणे, वंगण करणे, पुंगळी धुणे यांत त्यांना एका हरवलेल्या हस्तकौशल्याचा आनंद मिळतो. तो आनंद खोटा नाही, परंतु या कौशल्याचा सर्वाधिक उपयोग ज्या कामासाठी झाला ते काम विसरल्यास इतिहासाची अर्धी बाजूच हाती राहते.

कारखान्याची वस्तू आणि तळावरची भरणी

ठासणीच्या बंदुकीच्या काळात दारू, गोळी व टोपी ही तीन द्रव्ये वेगवेगळी बाळगावी लागत. धातूच्या पुंगळीचे काडतूस आले आणि तिन्ही गोष्टी एका डबीत बंद झाल्या. प्रथमदर्शनी यामुळे बंदूकधारी माणूस कारखान्याचा कायमचा ग्राहक बनावयास हवा होता. तसे झाले नाही, याचे कारण १८६६ च्या सुमारास झालेल्या एका छोट्या सुधारणेत आहे. अमेरिकेतील हायरम बर्डन आणि ब्रिटिश सेनेतील एडवर्ड बॉक्सर यांनी पुंगळीच्या बुडाशी बाहेरून बसविता येणारी टोपी सिद्ध केली. झाडलेली टोपी काढून नवी बसविली की तीच पुंगळी पुन्हा वापरता येऊ लागली. पुढे बर्डन यांची पद्धत युरोपात आणि बॉक्सर यांची अमेरिकेत रूढ झाली, हा इतिहासातील एक विनोदच होय.

अमेरिकी सैन्याने आरंभी हा मार्ग स्वीकारला नाही. १८७३ साली स्वीकारलेल्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या काडतुसाची पुंगळी तांब्याची असून तिची टोपी आत बंद असे. एकदा झाडली की ती फेकून द्यावी लागे. या काडतुसाचे नाव 'पंचेचाळीस-सत्तर' असे होते. पहिली संख्या नळीच्या व्यासाची, इंचाच्या शतांशात, तर दुसरी दारूच्या वजनाची, ग्रेनमध्ये. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. त्या हिशेबाने ७० ग्रेन म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे २६ ग्रॅम शिसे होय. पुढे १८८० च्या दशकात सैन्यानेही बाहेरून टोपी बसविण्याची पुंगळी घेतली आणि नेमबाजीच्या सरावासाठी पलटणींमध्ये काडतुसांचे पुनर्भरण होऊ लागले.

शिकाऱ्यांनी मात्र सुरुवातीपासूनच पुन्हा भरता येणारी पुंगळी पसंत केली. क्रिस्टियन शार्प्स यांच्या १८४८ च्या एकस्वावर आधारलेल्या शार्प्स रायफली या व्यवसायात विशेष मान्यता पावल्या. बंदुकीबरोबर गोळीचा साचा व भरणीची अवजारे विकत घेणे ही त्या काळची सामान्य रीत होती.

एका शिकारी चमूचा ताळेबंद

१८७१ पर्यंत बायसनची शिकार मुख्यतः हिवाळ्यातील केसाळ कातड्यासाठी होत असे. त्या सुमारास बायसनचे कच्चे चामडे कमावून त्याचे जाड, टिकाऊ कातडे बनविणे व्यवहार्य ठरले आणि अमेरिका व युरोपातील चर्मोद्योगाकडून मागणी सुरू झाली. यंत्रांच्या पट्ट्यांसाठी या चामड्यास विशेष पसंती होती. सप्टेंबर १८७२ मध्ये अॅचिसन, टोपेका व सँटा फे रेल्वे कॅन्ससमधील डॉज सिटी येथे पोहोचली. डॉज यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार या एकाच रेल्वेने १८७२ मध्ये १,६५,७२१, १८७३ मध्ये २,५१,४४३ आणि १८७४ मध्ये ४२,२८९ कातडी वाहून नेली. तीन वर्षांची एकूण संख्या ४,५९,४५३ होते. इतर मार्गांनी गेलेली कातडी आणि वाया गेलेली जनावरे धरून गोऱ्या शिकाऱ्यांनी या तीन वर्षांत सुमारे ३१ लाख ५८ हजार बायसन मारले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. १८७४ चा आकडा एकदम खाली येतो, कारण मारण्यास कळपच उरले नव्हते.

या प्रचंड संख्येमागे गोळीबाराची जी दैनंदिन व्यवस्था होती ती हॉर्नाडे यांच्या अहवालातील एका यादीवरून उलगडते. उत्तरेकडील माळरानावर जाणाऱ्या एका चमूच्या सामानात त्यांनी ५० पौंड दारू, ५५० पौंड शिसे, ४,५०० टोप्या, ६०० पितळी पुंगळ्या, गोळीभोवती गुंडाळण्याचा कागद आणि कातडी सोलण्याच्या ६० सुऱ्या नोंदविल्या आहेत. ही यादी साधी दिसते, परंतु तिच्याकडे हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

पुंगळ्या ६०० आणि टोप्या ४,५०० याचा अर्थ प्रत्येक पुंगळी हंगामात सरासरी साडेसात वेळा भरली जाणार होती. पन्नास पौंड दारू म्हणजे ३,५०,००० ग्रेन. तिला ४,५०० ने भागले असता प्रत्येक बारास सुमारे ७८ ग्रेन दारू येते, आणि शिकाऱ्यांच्या रायफलींना साधारण तेवढीच दारू लागे. म्हणजे टोप्या व दारू यांचा मेळ बरोबर बसतो. शिशाचा साठा तर एवढ्या गोळ्यांना पुरून उरेल असा आहे. सामानाच्या यादीत तयार काडतुसांची जागा कच्च्या मालाने घेतली आहे. शिकारी चमू म्हणजे माळरानावर फिरणारा काडतुसांचा एक लहानसा कारखानाच होता.

याचा परिणाम शिकारीच्या पद्धतीवरही दिसतो. शिकारी दोन-तीनशे यार्डांवरून, बहुधा कळपाच्या पुढारी मादीला प्रथम टिपत असे. ती कोसळली की बाकीचा कळप गोंधळून तेथेच घुटमळे आणि एकामागून एक जनावर पडत जाई. सोलणाऱ्या माणसांना दिवसाकाठी जेवढे काम झेपेल तेवढीच जनावरे मारणे फायद्याचे असे. दिवसा बंदूक, सायंकाळी सोलणी आणि रात्री शेकोटीपाशी गोळ्या ओतणे व पुंगळ्या भरणे, असा हा दिनक्रम होता. तयार काडतुसांची वाट पाहावी लागली असती तर ही साखळी वारंवार तुटली असती. स्वतः भरलेल्या काडतुसाने ती अखंड ठेवली आणि प्रत्येक बाराचा खर्चही उतरविला.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. पुनर्भरणामुळे बायसन नष्ट झाला, असा या निबंधाचा दावा नाही. अर्थशास्त्रज्ञ एम. स्कॉट टेलर यांनी २०११ मध्ये दाखविल्याप्रमाणे युरोपातील चामड्याची मागणी व तेथील चर्मोद्योगाचे तंत्र हे निर्णायक होते. अँड्र्यू आयझेनबर्ग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुष्काळ, घोड्यांची वाढ व मूळ रहिवाशांचा कातडेव्यापार यांमुळे कळप आधीच खचले होते हे मांडले आहे. तथापि, मागणी लंडनमध्ये असते आणि जनावर माळरानावर असते. या दोहोंना जोडणाऱ्या शेवटच्या कडीचा विचार बहुधा होत नाही. तळावरची भरणी ही ती कडी होय.

भरण्याचा अधिकार कोणाचा?

हे तंत्र केवळ गोऱ्या शिकाऱ्यांपुरते राहिले नाही. धातूचे काडतूस आले तेव्हा माळरानावरील मूळ रहिवासी दारूगोळ्यासाठी परावलंबी होतील, अशी अपेक्षा होती. डॉज यांनी १८८२ च्या ग्रंथात ही अपेक्षा फोल ठरल्याचे नमूद केले आहे. व्यापाऱ्यांकडून मिळणाऱ्या दारू, शिसे व साध्या टोप्यांच्या साहाय्याने हे लोक रिकाम्या पुंगळ्या स्वतः भरू लागले. शिकाऱ्याने फेकलेली पुंगळी त्यांच्या दृष्टीने कचरा नव्हती.

२७ जून १८७४ रोजी टेक्सासमधील अडोबी वॉल्स या कातडेव्यापाऱ्यांच्या ठाण्यावर कोमांची, शायेन व कायोवा योद्ध्यांनी क्वाना पार्कर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हल्ला केला. कळपांचा विध्वंस म्हणजे आपल्या अन्न, वस्त्र व निवाऱ्याचा विध्वंस, हे त्यांनी अचूक ओळखले होते. दारूगोळ्याचा साठा व लांब पल्ल्याच्या रायफली यांमुळे ठाणे टिकले. त्यानंतरच्या रेड रिव्हर युद्धाचा शेवट म्हणून जून १८७५ मध्ये क्वाना पार्कर शरण गेले. पुढील वर्षी २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न येथे सैन्याचा मोठा पराभव झाला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ५ ऑगस्ट १८७६ रोजी, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून विशिष्ट धातूची काडतुसे शत्रुत्व धरणाऱ्या मूळ रहिवाशांपर्यंत पोहोचू नयेत यासाठी उपाय योजण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला.

दुसरीकडे १८७४ मध्ये मादी बायसनच्या संरक्षणासाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या स्वाक्षरीअभावी बारगळले. जनरल शेरिडन यांनी टेक्सासच्या विधिमंडळापुढे शिकाऱ्यांची तरफदारी करणारे भाषण केल्याची कथा अनेक पुस्तकांत आढळते. ती जॉन कुक या शिकाऱ्याच्या १९०७ मधील आठवणींवर आधारित असून त्या भाषणाची समकालीन नोंद मिळालेली नाही, हे अध्यापकांनी ध्यानात ठेवावे. परंतु अंतर्गत व्यवहार सचिव कोलंबस डेलानो यांनी बायसन नाहीसा झाल्यास आपणास खेद होणार नाही, या आशयाचे मत १८७३ च्या वार्षिक अहवालात नोंदविले होते. दंतकथा वगळली तरी धोरणाचा कल स्पष्ट राहतो. एका गटाच्या शेकोटीवरील शिशाची पळी उद्योग ठरली आणि दुसऱ्या गटाच्या शेकोटीवरील तीच पळी शत्रुत्वाची खूण ठरली.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न अमेरिकेपुरता मर्यादित नव्हता. काळ्या दारूतील तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तम सोऱ्याचा मोठा पुरवठा बिहारमधून होत असे. तिरहूत, सारण, चंपारण या भागांतील नोनिया समाजाचे लोक गावठाणाची खारी माती धुऊन तो काढीत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या प्रारंभी, १८६१ च्या अखेरीस, संघराज्य सरकारसाठी भारतीय सोरा खरेदी करण्यास दारू उत्पादक लॅमॉट द्यू पाँ लंडनला गेले होते. त्याच वेळी 'ट्रेंट' जहाजाच्या प्रकरणावरून दोन देशांत तणाव निर्माण झाला आणि ब्रिटनने सोऱ्याची निर्यात रोखली. जानेवारी १८६२ मध्ये तणाव निवळल्यावरच तो माल सुटला. सोरा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती दुसऱ्याची बंदूक, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

ब्रिटिश सत्तेने हा धडा भारतातही वापरला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याचा अभ्यास आपण निःशस्त्रीकरण व वांशिक भेदभाव या अंगांनी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील 'लष्करी सामग्री' या संज्ञेची व्याख्या बारकाईने वाचण्याजोगी आहे. अधिसूचनेद्वारे शिसे, गंधक व सोरा यांनाही या संज्ञेत आणण्याची मुभा गव्हर्नर जनरलला दिलेली होती. बंदुकीवर परवाना लावणे पुरेसे नाही, बंदूक ज्या द्रव्यांनी भरली जाते त्यांवरही नजर हवी, ही जाणीव या व्याख्येमागे दिसते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्यात बदल करण्याची मागणी केली. अमेरिकेतील १८७६ चा ठराव आणि भारतातील १८७८ चा कायदा यांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण दोन्ही ठिकाणी राज्यसत्तेला एकाच गोष्टीची चिंता होती. काडतूस घरी भरता येते, ही ती गोष्ट होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. बाहेरून बसविता येणाऱ्या टोपीमुळे धातूचे काडतूस पुन्हा भरता येऊ लागले आणि कारखान्याच्या वस्तूस हस्तकौशल्याची जोड मिळाली. हे स्वावलंबन अपुरे होते. गोळी तळावर ओतता येई, पण टोपी, दारू व पितळ दूरच्या कारखान्यांतूनच येत.

२. हॉर्नाडे यांच्या यादीतील पुंगळ्या व टोप्यांचे प्रमाण पाहता पुनर्भरण ही अडीअडचणीची सोय नसून कातडेव्यवसायाचा नियमित घटक होता, असे म्हणता येते.

३. एकच तंत्र कोणाच्या हाती आहे यावरून राज्यसत्तेने त्याचे मूल्यमापन केले. शिकाऱ्यास मोकळीक आणि मूळ रहिवाशास बंदी हा भेद तंत्रात नव्हता, तो धोरणात होता.

उत्तरेकडील शेवटचा मोठा कळप १८८३ पर्यंत संपला. शार्प्स कंपनीचे कामकाज त्यापूर्वीच, १८८१ च्या सुमारास बंद पडले होते. १८८९ मध्ये हॉर्नाडे यांनी जिवंत बायसनची गणना केली तेव्हा जंगलातील, संरक्षित व पाळीव अशी सर्व मिळून संख्या १,०९१ भरली. ज्या चमूच्या सामानाची यादी आपण पाहिली, त्या एका चमूच्या एका हंगामातील टोप्यांच्या पावपटीहूनही हा आकडा कमी आहे. अमेरिकेच्या इतिहासाच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले, तर 'बायसन नष्ट झाले' या वाक्यामागचा खरा कर्ता कोण, हे निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.